चौथा खिळा

काम तसं रोजचंच होतं. रात्री नऊला व्हॅन भरायची, धुतलेल्या चादरी इस्पितळात पोचवायच्या, मळलेल्या उचलायच्या आणि घरी परतायचं. जाऊन-येऊन दोन तास. डोळे मिटून करावं असं काम, आणि धाकट्यानं बारा वर्षं ते जवळजवळ तसंच केलं. भुताची गोष्ट म्हणून तुम्ही कान टवकारून बसला असाल, तर जरा दम धरा. सुरुवात चादरींपासूनच करावी लागते. आणि ज्याला बाहेर जाऊन यायचं असेल त्यानं आत्ताच जाऊन यावं. नंतर मी सोबतीला येणार नाही.

धाकटा म्हणजे आमच्या लाँड्रीच्या मालकीणबाईंचा धाकटा मुलगा. मी तिथे छत्तीस वर्षं इस्त्री केली. त्यानं हे मला एकदाच सांगितलं, समोर बसून, आणि परत कधी विषय काढला नाही. त्यामुळे यात माझ्या पदरचं काही नाही.

मालकीणबाईंना सगळी गल्ली कडीमावशी म्हणायची. का, ते सांगतो. नवरा गेला तेव्हा थोरला सात वर्षांचा आणि धाकटा रांगत होता. बाई रडत बसली नाही. इस्पितळात गेली आणि म्हणाली, तुमच्या चादरी मला द्या. मागच्या अंगणातल्या हौदावर रोज चाळीस चादरी हातानं धुवायची. थंडीत बोटं फुटायची, त्यांना तेल चोळून पुन्हा पाण्यात हात. मग एक मशीन आलं, मग दुसरं, मग व्हॅन. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षीसुद्धा शेवटचा गठ्ठा तिच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. प्रत्येक चादर नाकाशी धरून हुंगायची. आम्ही हसायचो. ती म्हणायची, "हसा. आजारी माणसाला दुसरं काय हुंगायला असतं?" आणि इस्पितळात ज्याचं कोणी नाही असा माणूस गेला, तर त्याच्यासाठी एक नवीकोरी चादर, कडक इस्त्रीची, तिच्याकडून. फुकट. मला सांगायची, "नीट इस्त्री कर रे. त्याचं शेवटचं अंथरूण आहे."

आणि तिचं एक वाक्य होतं, आम्हा सगळ्यांना पाठ. "डाग ओला असतानाच काढावा. वाळला की तो कापडाचा होतो." माणसांच्या खोटेपणाबद्दलही ती हेच म्हणायची.

रविवारी लाँड्री बंद. सकाळी साडेसातला सगळं घर चर्चमध्ये, डावीकडचं तिसरं बाक. ताप असो, भांडण असो, त्या बाकावर चौघं दिसली पाहिजेत. गायची मोठ्यानं, आणि सगळ्यांच्या एक ओळ पुढे. पेटी वाजवणाऱ्यानं पहिली काही वर्षं तिला मागे ओढून बघितलं, मग बिचारा तिच्यामागून पळायला शिकला. पाळक गमतीनं म्हणायचे, "स्वर्गातसुद्धा मावशी एक ओळ आधी पोचतील."

आता कडी. तिच्या घराच्या दाराला आतून एक लोखंडी कडी होती, जुन्या बॉयलरच्या खोलीची काढून लावलेली. मनगटाएवढी जाड. दाराशेजारी भिंतीत चार खिळे. पहिला तिचा, दुसरा थोरल्याचा, त्यानं लग्न केलं नव्हतं, तिसरा धाकट्याच्या बायकोचा, चौथा धाकट्याचा. प्रत्येकाची स्वतःची किल्ली. बाहेरून आलं की किल्ली आपल्या खिळ्यावर अडकवायची आणि म्हणायचं, "आलो." बाईमाणूस असेल तर "आले." त्यावर ती म्हणणार, "बरं." एवढंच. चौथी किल्ली अडकली की ती वेताच्या खुर्चीतून उठायची आणि कडी सरकवायची. खट्ट! गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. लोक म्हणायचे, कडी लागली, चला झोपा.

ती खुर्ची फार करकरायची. मावशी त्यात बसून बायबल वाचायची, मागेपुढे होत. करकर, करकर. कुलपात किल्ली फिरली की करकर थांबायची. ती कान देऊन बसायची. शब्द ऐकायला. "आलो" ऐकल्याशिवाय तिचा जीव भांड्यात पडत नसे, मग माणूस डोळ्यांसमोर का उभा असेना.

आणि निघताना "जातो" म्हटलेलं तिला बिलकूल खपत नसे. तसं ते कुठल्याच आईला खपत नाही म्हणा. "जाणारे जातात," म्हणायची. "तू येतो म्हण." तर घरातून निघताना येतो, घरात शिरताना आलो. हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे.

ऑक्टोबरची एकोणीस तारीख. गुरुवार. रात्री दहा चाळीसला धाकट्यानं इस्पितळातून घरी फोन केला. "आई, येतो. अर्ध्या तासात." ती म्हणाली, "ये. मी आहे."

तो निघालाच होता, पण वॉचमनच्या खोलीत टीव्हीवर मॅच चालू होती. पाच मिनिटं बघू म्हणून टेकला. पाच मिनिटांचे किती होतात ते तुम्हाला काय सांगायचं. घरी पोचला तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

दार उघडलं. दिवा चालू. आई खुर्चीत. मांडीवर बायबल, डोळ्यांवर चष्मा, मान जराशी कलंडलेली. थोरला आणि बायको केव्हाच झोपलेली. धाकट्याला वाटलं, बरं झालं, डोळा लागलाय, बोलणी उद्यावर गेली. चपला हातात घेतल्या. किल्ली खिळ्यावर अडकवली, ती वाजू नये म्हणून दोन बोटांत धरून. कडीखाली तळहात ठेवून ती इंचाइंचानं सरकवली. आणि तिच्यासमोरून मांजरासारखा आत जाऊन झोपला.

"आलो" म्हणाला नाही.

सकाळी साडेपाचला बायकोनं हाक मारली तेव्हा आई गार पडली होती. डॉक्टर म्हणाले, रात्री अकरा ते एकच्या मधे कधीतरी, झोपेतच. अकरा ते एक! धाकटा बारा पाचला आला होता. तो आला तेव्हा ती गेलेली होती की होती? एक हाक मारली असती तर? हे त्यानं स्वतःला किती वेळा विचारलं असेल, देव जाणे. बाहेर मात्र ब्र काढला नाही.

आणि झालं असं की दाराला कडी होती. सगळ्यांनी ती बघितली. थोरला हुंदके देत म्हणाला, "सगळे घरी आल्यावर, आपल्या हातानं कडी लावून गेली रे." आलेल्या प्रत्येकाला त्यानं तेच सांगितलं. गल्लीनं डोळे पुसले. काय मरण, म्हणाले, मरण असावं तर असं. चर्चमध्ये पाळकांनीही तेच सांगितलं, कडी लावून निश्चिंत मनानं गेलेली आई. धाकटा तिसऱ्या बाकावर खाल मानेनं बसून ऐकत होता. तेव्हाच बोलला असता तर डाग ओला होता. पण तो बोलला नाही.

कबरस्थानात मूठभर माती टाकायला तो वाकला. शर्टाच्या वरच्या खिशातून काहीतरी सटकलं. त्याच्या ध्यानात आलं नाही. माती टाकली, हात झटकले. आणि वळता वळता, उभ्या जन्माच्या सवयीनं, तोंडातून निघून गेलं...

"येतो, आई."

शेजारी कबरी खणणारा म्हातारा फावडं घेऊन उभा होता. त्यानं चटकन वर बघितलं.

घरी आल्यावर किल्लीचं कळलं. खिशात नाही, व्हॅनमध्ये नाही. थोरला म्हणाला, "किल्लीचं काय घेऊन बसलास, नवी करू." दुसऱ्या दिवशी नवी करून आणली. चौथ्या खिळ्यावर अडकवली. रात्री थोरल्यानं कडी लावली. आवाज तोच, पण गल्लीला काही झोप आली नाही.

सकाळी कडी उघडी होती.

थोरल्याला वाटलं, नीट बसली नसेल. दुसऱ्या रात्री दोनदा ओढून बघितली. सकाळी उघडी. आणि चौथ्या खिळ्यावरची नवी किल्ली खाली फरशीवर. उचलून पुन्हा अडकवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा खाली. बाकी तीन किल्ल्या जागच्या जागी, फक्त ही. थोरल्यानं खिळा ठोकून जरा वर वाकवला. चौथ्या दिवशीही किल्ली खालीच. लोहाराला बोलावलं, त्यानं कडी तपासली. म्हणाला, "ही कडी घर पडलं तरी आपोआप निघायची नाही." आणि पैसे न घेता गेला.

पंधराव्या रात्री बायकोनं धाकट्याला हलवून उठवलं. "अहो... ऐका."

बाहेरच्या खोलीत... करकर. करकर.

दोघं उठली नाहीत. बायकोनं त्याचा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. सकाळी ती म्हणाली, "मला सासूबाईंची भीती नाही वाटत हो. त्या मला कधी वाकडा शब्द बोलल्या नाहीत. पण त्या कुणाची तरी वाट बघतायत. घरात तर सगळे आहेत. मग कुणाची?"

धाकट्याला माहीत होतं.

आणि मग रस्त्यावर सुरू झालं. इस्पितळातून येताना पूल लागतो. पूल संपला की रस्त्याला दोन फाटे. उजवीकडे घर, डावीकडे कबरस्थान. एका रात्री धाकटा पुलावर चढला, आणि पुढे त्याला आठवतं ते एवढंच की व्हॅन उभी आहे, इंजीन बंद आहे, दिवे बंद आहेत, आणि समोर कबरस्थानाचं फाटक. मध्ये एक मैल गेला होता. तो कुणी चालवला? चार दिवसांनी पुन्हा तेच. त्या वेळी तो गाडीतही नव्हता. फाटकाला हात लावून उभा होता.

दुसऱ्या दिवशी उजेडी तो त्या म्हाताऱ्याकडे गेला. म्हातारा खोलीबाहेर बसून फावड्याला धार लावत होता. धाकट्यानं काही सांगायच्या आतच म्हणाला, "किल्ली ना? पडताना बघितली मी. चमकली. सांगणार तोवर वरून माती पडली होती."

"आणि...?"

"आणि तुम्ही 'येतो' म्हणालात." म्हाताऱ्यानं फावडं बाजूला ठेवलं. "बाबा, जगात कुठूनही निघताना 'येतो' म्हणावं. फक्त इथून निघताना म्हणू नये. तुमच्या आईची ख्याती मी ऐकून आहे. दिलेला शब्द धरून बसणारी बाई. तुम्ही येतो म्हणालात, वर घराची किल्ली तिच्यापाशी ठेवलीत. ती वाट बघणार नाही तर काय करणार?"

"मग आता?"

"तिच्यापाशी जायचं आणि 'जातो' म्हणायचं. एकदाच. मोकळं व्हायचं." म्हाताऱ्यानं आवाज खाली आणला. "आणि एक सांगतो. काहीही झालं, काहीही ऐकू आलं, तरी तिथे 'आलो' म्हणायचं नाही. तो शब्द तिथे बोललात तर हिशेब पुरा झाला. येतो म्हणाला होतात, आलात. मग परत जायचा प्रश्नच उरत नाही."

धाकटा तेव्हा गेला नाही. आईला "जातो" म्हणायचं? आयुष्यात एकदा म्हणाला होता, दहा वर्षांचा असताना, रागाच्या भरात. त्या दिवशी ती पहिल्यांदा त्याच्यासमोर रडली होती.

आली नोव्हेंबरची अठरा तारीख. शनिवार. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये आईच्या स्मरणाची उपासना होती आणि घरातर्फे धाकट्यानं पाच मिनिटं बोलायचं ठरलं होतं. थोरल्याला बोलताना रडू येतं म्हणून. धाकट्याच्या खिशात कागद होता. त्यावर तीन दिवसांत एकच वाक्य लिहून झालं होतं. "सगळे घरी आल्यावर आपल्या हातानं कडी लावून आमची आई गेली." त्याच्या पुढे पेन सरकतच नव्हतं.

निघताना बायको दाराशी आली. "आज लवकर या," म्हणाली. "उद्यापासून मी माहेरी जाते असं म्हणणार नाही. पण रात्री इथे एकटी डोळे मिटायला मला भीती वाटते, हे खरं."

"येतो," तो म्हणाला.

इस्पितळात चादरी उतरवल्या. मळलेल्या भरल्या. घरी फोन केला. "येतो. अर्ध्या तासात." फोन ठेवला आणि घड्याळाकडे नजर गेली. दहा चाळीस. तीच वेळ. तेच शब्द. वॉचमनच्या खोलीत टीव्ही लागलेला होता. त्यानं तिकडे बघितलंसुद्धा नाही.

रस्ता मोकळा होता. वारा नाही. थंडी बेताची. पूल आला. त्यानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, घट्ट. आज गाडीनं वळायचं नाही, तो म्हणाला. वळायचं असेल तर मी वळवीन.

पूल संपला. त्यानं स्वतः गाडी डावीकडे घेतली.

फाटक नुसतं लोटलेलं होतं. म्हाताऱ्याच्या खोलीत अंधार. मोबाइलचा दिवा लावून तो आत शिरला. फाटक सताड उघडं ठेवलं. मुद्दाम. तिसरी रांग, डावीकडून. बाकासारखंच. दगड अजून बसवला नव्हता. लाकडी क्रूस आणि मातीचा उंचवटा. माती वाळून भेगाळलेली. महिनाभर पावसाचा थेंब नव्हता.

अकरा वाजून दहा मिनिटं.

"आई," तो म्हणाला.

स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

"आई, मी... जा..."

पुढचं अक्षर निघेना. पुन्हा प्रयत्न केला. "जा..." नाही. ओठ हलले. आवाज नाही.

आणि वास आला.

साबणाचा. स्टार्चचा. गरम कपड्याचा. शेवटचा गठ्ठा तिच्या हाताखाली असताना यायचा, तो. त्याच्या मागून येत होता.

त्यानं मान वळवली नाही.

करकर.

वाळलेल्या गवताचा आवाज असेल, तो म्हणाला. वारा असेल. वारा नव्हता.

करकर... करकर.

अगदी मागे. दोन हातांवर. मागेपुढे... मागेपुढे. मान न वळवता त्यानं मोबाइलचा हात पाठीमागे नेला. समोर मातीवर त्याची स्वतःची सावली पडली. एकच सावली. त्यानं दोनदा बघितलं. एकच.

करकर...

थांबली.

सगळं थांबलं. रातकिडे थांबले. दूर कुत्रं भुंकत होतं, ते थांबलं.

आता लक्ष द्या. ती खुर्ची का थांबायची, सांगितलंय मी तुम्हाला. धाकटा लहानपणापासून ती शांतता ओळखत होता. दारात उभं राहून, किल्ली हातात धरून, हजारो वेळा त्यानं ती ऐकली होती. ती ओढून नेणाऱ्याची शांतता नव्हती. ती कान देऊन बसलेल्या माणसाची होती.

तेव्हा त्याला कळलं. म्हातारा सांगतो ते हे नव्हेच. कबरीवरच्या "येतो"ची ही वाट नव्हती. ती त्याच गुरुवारी बसली होती. फोनवर "ये, मी आहे" म्हणाली, आणि बसली. अजून बसलीच होती. तो घरात येऊन गेला, झोपला, तिला माती दिली... आणि तिच्या लेखी तो अजून पोचलाच नव्हता.

एक शब्द हवा होता. एकच. आणि तोच म्हातारा नको म्हणाला होता.

बायको आठवली. दाराशी उभी. लवकर या.

शांतता वाट बघत होती...

धाकटा गुडघ्यांवर बसला. दोन्ही हात मातीवर टेकले.

"आलो," तो म्हणाला. "आलो गं, आई."

काही झालं नाही.

"त्याच रात्री आलो होतो. बारा पाचला. तू खुर्चीत होतीस. बोलणी बसतील म्हणून हाक मारली नाही. चपला हातात घेऊन गेलो तुझ्यासमोरून. कडी मी लावली. तू नाही. सगळ्यांना वाटतं तू लावलीस. मी सांगितलं नाही. मला माहीत नाही तू तेव्हा... मला माहीत नाही, आई."

आणि तो लहान मुलासारखा रडला. महिनाभरात पहिल्यांदा.

मग...

खट्ट!

लोखंडावर लोखंड. कुठून आला कळलं नाही. जमिनीतून, आभाळातून, कानातून. फाटक! त्याच्या डोक्यात एवढंच आलं. फाटक लागलं. हिशेब पुरा झाला. तो उठला आणि पळत सुटला. एका क्रूसावर आपटला. गुडघा फुटला. मोबाइल पडला, तो उचलायला थांबला नाही.

फाटक सताड उघडं होतं. त्यानं ठेवलं होतं तसं.

घरी पोचला तेव्हा अकरा चाळीस. गल्लीत पाऊल टाकलं आणि काहीतरी वेगळं वाटलं. एकाही घरात दिवा नव्हता. महिनाभर गल्ली एकपर्यंत जागी असायची, कूस बदलत. आज सगळी गाढ झोपली होती.

त्यानं नवी किल्ली कुलपात घातली. फिरली. दार ढकललं.

हललं नाही.

पुन्हा ढकललं. खांदा लावला. आतून कडी होती.

त्यानं दार वाजवलं. कितीतरी वेळानं आत पावलं ऐकू आली, झोपाळलेली. कडी सरकली. बायकोनं दार उघडलं. त्याच्याकडे बघितलं. त्याच्या फुटलेल्या गुडघ्याकडे, मातीनं भरलेल्या हातांकडे. मग वळून आतल्या खोलीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"तुम्ही... तुम्ही बाहेर कधी गेलात?"

"मी आत्ता येतोय."

"असं काय करता? अकरा वीसला नाही का आलात? मी घड्याळ बघितलं. 'आलो' म्हणालात. तुमचाच आवाज. मग कडी लागली. मला वाटलं, तुम्ही लावलीत. एवढ्या दिवसांनी इतकी शांत झोप लागली..."

धाकट्यानं विचारलं, "फक्त 'आलो' ऐकलंस?"

ती वेताच्या खुर्चीकडे बघत राहिली.

"अगं, सांग."

"झोपेत होते हो मी," ती हळूच म्हणाली. "पण... 'आलो' म्हणालात ना. त्यावर कुणीतरी 'बरं' म्हणालं."

रविवारी चर्चमध्ये धाकटा उभा राहिला. कागद काढला, वाचला नाही, घडी करून खिशात ठेवला. आईच्या फुटलेल्या बोटांबद्दल बोलला. नवीकोऱ्या चादरींबद्दल बोलला. एक ओळ पुढे गाण्याबद्दल बोलला, तेव्हा लोक ओल्या डोळ्यांनी हसले. आणि मग त्यानं गुरुवारची रात्र सांगितली. जशी झाली तशी. चपला हातात घेतल्यापासून. कडी कुणी लावली तेही. चर्चमध्ये टाचणी पडली तर ऐकू आली असती. थोरला समोर बघत बसला होता, दगडासारखा. मला वाटलं, हा आता उठून जातो. धाकटा खाली उतरला, बाकाशी आला आणि उभाच राहिला, बसू की नको असा. थोरला सरकला आणि शेजारची जागा हातानं पुसली.

उपासना संपल्यावर धाकटा माझ्यापाशी आला. म्हणाला, "काका, घरी या. एक गोष्ट तुम्ही बघा. नाहीतर मला वेड लागेल." त्यानं आदल्या रात्रीचं मला सांगितलं ते तेव्हा, त्या वेताच्या खुर्चीसमोर बसून. नवी किल्ली त्याच्या मुठीत होती, ती त्यानं मूठ उघडून दाखवली. मग दाराशेजारच्या भिंतीकडे बोट केलं.

चारही खिळे भरलेले होते.

चौथ्यावरची किल्ली मी ओळखली. कडेला एक जुना टवका होता, फार वर्षांपूर्वी माझ्याच हातून करवत घसरून पडलेला. कुणी तिला हात लावला नव्हता. मी लावला. दातांमध्ये माती होती.

ओली.